हवेत खाजवणारी कॅव्हेलियर आणि फायलीतलं 'वेदना नाही'

तुमच्या पोस्टमधल्या तीन गोष्टी वाचल्या आणि राहवलं नाही म्हणून लिहायला बसले. तुमची कॅव्हेलियर (किंग चार्ल्स स्पॅनियल जातीची कुत्री) चालता चालता मानेजवळ हवेतच पाय झाडते, छातीखाली हात घालून उचललं की किंचाळते, आणि डॉक्टरांनी तपासून 'वेदना गुण २, काळजीचं कारण नाही' असं लिहून दिलंय. आमच्या कुत्रीच्या, चिंगीच्या फायलीत जवळजवळ हेच वाक्य होतं. मी डॉक्टर नाही. औषधांचे डोस विचारू नका, सांगणार नाही. कियारी (कवटीच्या मागच्या भागात मेंदूला जागा अपुरी पडणं) आणि सिरिंगोमायलिया (मज्जारज्जूत पाण्याने भरलेली पोकळी होणं) हे तुम्ही वाचलेलं दिसतंय, त्याचा तपशील सोडून देते.

तो '२' कुठून आला, हे आधी विचारा. फॉर्म मागून घ्या. आमच्याकडे तो कुत्र्यांच्या वेदनेला गुण देणारा ग्लासगोचा छोटा फॉर्म निघाला. फॉर्म उत्तम आहे, पण तो बनवलाय ऑपरेशननंतरच्या किंवा अचानक उठलेल्या तीव्र वेदनेसाठी. पिंजऱ्यात कुत्रं कण्हतंय का, जखमेकडे बघतंय का, चाटतंय का, दुखऱ्या जागेच्या आजूबाजूला हलकं दाबल्यावर काय करतं, असे त्यातले प्रश्न. एकूण गुण २४, आणि ६ किंवा जास्त आले तर वेदनाशामक वाढवायचा विचार करायचा. आता जखमच नसलेल्या, घाबरून टेबलावर दगडासारख्या बसलेल्या कुत्रीला या फॉर्मवर किती गुण पडणार? त्या क्लिनिकचं नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. पण 'हा फॉर्म या आजारासाठी आहे का' असं विचारलं तेव्हा 'आम्ही सगळ्यांना हाच भरतो' एवढंच उत्तर मिळालं.

खरं नुकसान पुढे झालं. फायलीत एकदा 'वेदना नाही' लागलं की पुढचा प्रत्येक डॉक्टर तिथूनच सुरुवात करतो. वेदना नाही, मग खाज. खाज, मग ॲलर्जी. ॲलर्जी म्हणून स्टेरॉइड दिलं आणि चिंगी खरोखर बरी वाटायला लागली! 'बघा, ॲलर्जीच होती.' कोणी हे लक्षात घेतलं नाही की सिरिंगोमायलियाच्या कुत्र्यांनाही स्टेरॉइडने बरं वाटतं. सूज कमी होते, मेंदू-मज्जारज्जूतल्या पाण्याचा दाबही उतरू शकतो. म्हणजे ज्या सुधारणेवरून मज्जारज्जूकडे शंका वळायला हवी होती, तीच त्वचेचा पुरावा म्हणून नोंदली गेली. मग खाणं बदल, शाम्पू बदल, पुन्हा स्टेरॉइड. या सगळ्यात कातडीवर एक चट्टा नव्हता की कुठे केस गेलेले नव्हते, आणि हे विचारण्याची तसदी कोणी घेतली नाही. अजून चीड येते. (तुमचीला स्टेरॉइड चालू असेल तर हे वाचून एकदम बंद करू नका. ते हळूहळूच उतरवावं लागतं, आणि तेही डॉक्टरांच्या सांगण्यावरून.)

आता माझं ठाम मत. पटलं नाही तर सोडून द्या. हवेत खाजवणं हे वेदनेचं माप नाही. मज्जारज्जूतली पोकळी मानेच्या भागात एका बाजूला, वरच्या-मागच्या थरापर्यंत पसरली की खाजवण्याची प्रतिक्षिप्त क्रिया सुटते, असं अलीकडचे अभ्यास दाखवतात. म्हणजे जास्त खाजवते म्हणून जास्त दुखतं असं नाही, आणि खाजवणं कमी झालं म्हणून दुखणं गेलं असंही नाही. चिंगीला गॅबापेन्टिन (नसांच्या वेदनेवर देतात ते औषध) सुरू झाल्यावर ती पुन्हा उड्या मारायला लागली, रात्री झोपायला लागली, पण पाय झाडणं जवळजवळ तसंच राहिलं. फक्त खाजवणं मोजलं असतं तर 'औषध लागू नाही' म्हणून आम्ही ते बंद केलं असतं.

म्हणून घरी नोंद ठेवाल तर खाजवणं वेगळ्या रकान्यात ठेवा. वेदनेच्या रकान्यात हे लिहा: उचलताना किंवा कूस बदलताना केकाटणं, कारण दिसत नसताना अचानक किंकाळी, सोफ्यावर चढायचं टाळणं, मान उंच ठेवून झोपणं, डोकं किंवा कान कुरवाळू न देणं, खेळायचा कंटाळा. वेळही लिहा, कारण बऱ्याच कुत्र्यांना रात्री आणि पहाटे जास्त त्रास होतो. व्हिडिओ काढा आणि एकट्या वाईट दिवसाचे नको, साध्या दिवसाचेही काढा. डॉक्टरांना तुलना करायला दोन्ही लागतात. सीबीपीआय नावाची मालकांनी भरायची प्रश्नावली आहे, मागच्या सात दिवसांचा विचार करून ० ते १० गुण द्यायचे. भरायला हरकत नाही, पण ती सांधेदुखी आणि हाडांच्या कॅन्सरसाठी पारखलेली आहे. चालणं, धावणं, जिने चढणं यावरच तिचा भर. धावणारी कॅव्हेलियर तिच्यात सहज 'ठीक' ठरते.

तुम्ही संवेदना मोजणाऱ्या यंत्राबद्दल विचारलं होतं. ते आहे. व्हॉन फ्रे म्हणतात त्या नायलॉनच्या तारा असतात, प्रत्येक तार ठरावीक जोराला वाकते. इलेक्ट्रॉनिक प्रकारही आहे. हळूहळू दाब वाढवत न्यायचा, कुत्रं वळून बघेल किंवा अंग काढून घेईल तो आकडा लिहायचा, इजा होऊ नये म्हणून ठरलेल्या कमाल दाबाला थांबायचं. हे प्रामुख्याने संशोधनात वापरतात आणि तिथे त्याचा खूप उपयोग आहे. एकेका कुत्र्याच्या निदानासाठी मात्र माझा त्यावर फारसा भरवसा नाही. खोली शांत नसेल, माणूस बदलला, केस दाट असतील, कुत्रं कंटाळलं किंवा पुढे काय होणार हे शिकलं, की आकडा हलतो. शिवाय तो आकडा सांगतो की स्पर्श किती लवकर बोचतो. कोणी हात लावलेला नसताना पहाटे तिला काय होतं, हे तो सांगत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि औषध दोघींवर सारखंच चालेल असंही नाही. करणार असाल तर त्याच माणसाकडून, त्याच खोलीत, औषधाआधी आणि नंतर करून घ्या. एकट्या आकड्याला अर्थ नाही. आणि घरी चिमटे काढून बघू नका, कृपया.

वर एका सदस्याने लिहिलंय की पायाचं बोट दाबल्यावर कुत्र्याने पाय ओढून घेतला म्हणजे संवेदना शाबूत. हे चूक आहे आणि धोक्याचं आहे. पाय ओढणं मज्जारज्जूच्या पातळीवरच होऊ शकतं, मेंदूपर्यंत काही न पोचताही. मान वळवली, ओरडलं, चावायला आलं, तर कळलं असं म्हणायचं. ज्या आनुवंशिक आजारांत संवेदनाच जाते, जसं बॉर्डर कॉली जातीतला संवेदी न्यूरोपथी (संवेदना नेणाऱ्या नसांचा आजार) किंवा काही पॉइंटर जातींत स्वतःचेच पंजे कुरतडण्याचा प्रकार, तिथे हा फरक कळीचा असतो. तिथे गुण शून्य आला तरी पंजाला जखम असू शकते, म्हणून रोज पंजे बघणं हेच मोजमाप. डीजनरेटिव्ह मायलोपथीत (मज्जारज्जू हळूहळू झिजत जाण्याच्या आजारात) मागचे पाय जातात पण तो आजार स्वतः दुखत नाही. तिथे कुत्रं पाठीला हात लावू देत नसेल तर दुसरं कारण शोधायला लावा.

एमआरआयबद्दल थोडक्यात. २००७ च्या एका अभ्यासात पोकळीची कमाल रुंदी हा वेदनेचा सगळ्यात चांगला अंदाज ठरला होता. ०.६४ सेंटिमीटर किंवा जास्त रुंदी असलेल्या ९५ टक्के कॅव्हेलियरमध्ये लक्षणं होती. रिपोर्टमध्ये नुसतं 'सिरिंगोमायलिया आहे' लिहून देतात, तेव्हा रुंदी आणि कुठल्या बाजूला हे लिहून मागा. पण पोकळी नाही म्हणून दुखत नाही असंही कोणी म्हटलं तर मानू नका, नुसत्या कियारीनेही दुखतं. त्याच एमआरआयमध्ये मधल्या कानाकडेही बघायला सांगा. कॅव्हेलियरच्या मधल्या कानात घट्ट चिकट द्रव साचण्याचा आजार बऱ्यापैकी आढळतो आणि तोही मान-कान दुखवतो. दोन्ही एकत्र असले की गोंधळ होतो.

डॉक्टर अडून बसले तर भांडू नका, मी भांडून बघितलंय. त्यापेक्षा एवढंच म्हणा: ठरावीक काळ वेदनेचं औषध देऊन बघू, आधीची नोंद आणि नंतरची नोंद शेजारी ठेवू. बहुतेक जण याला नाही म्हणत नाहीत, कारण त्यात त्यांचं आधीचं निदान चुकलं असं म्हणावं लागत नाही. स्टेरॉइड त्याच वेळी चालू नसावं किंवा त्यात बदल नसावा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

गॅबापेन्टिन लिहून दिलं तर माणसांचं पातळ औषध दुकानातून परस्पर आणू नका. काहींमध्ये झायलिटॉल (गोडीसाठी घालतात तो पदार्थ) असतं, ते कुत्र्यांना विषारी आहे. बाटलीवर बघा, नाहीतर कॅप्सूल घ्या. आणि गळ्यातला पट्टा आजच काढा, मानेला न घासणारा हार्नेस लावा, तोही पायांतून चढवायचा. डोक्यावरून घालायचा आम्ही आधी आणला होता, चिंगी तो बघूनच टेबलाखाली जायची.