नेटबॉल कधीच न पाहिलेल्या मुलांना पहिल्या दिवशी काय शिकवावं?

बाई, तुम्ही लिहिलंय की खानापूर तालुक्यातल्या तुमच्या शाळेत पाचवी ते सातवीची २२ मुलं-मुली आहेत. सगळ्यांना खो-खो येतो, नेटबॉल कुणीच पाहिलेला नाही, आणि नियम तुम्हीही वाचूनच शिकताय. मी बेळगावच्या पश्चिमेकडच्या एका खेड्यात नऊ वर्षं याच वयाच्या पोरांना नेटबॉल शिकवतोय. पहिल्या दिवशी फक्त थांबायला शिकवा. बॉल नंतर.

आपल्याकडची पोरं खो-खो, कबड्डीवर वाढलेली. तिथं पाय थांबला की गडी बाद. नेटबॉलमध्ये सात-सात जण बॉल एकमेकांना पास देत रिंगमध्ये टाकतात, आणि इथं बॉल हातात आला की पाय थांबलेच पाहिजेत. बास्केटबॉलसारखा टप्पे मारत बॉल पुढं नेता येत नाही आणि तीन सेकंदांच्या आत तो सोडावा लागतो. बॉल घेताना जो पाय आधी टेकला, त्याला आम्ही रोवलेला पाय म्हणतो. दुसरा पाय कुठंही टाका, कितीही वळा. रोवलेला पाय उचलला तरी चालतो, पण तो परत जमिनीला लागायच्या आत बॉल सुटलेला हवा. त्या पायावर लंगडी नाही, तो फरफटवायचा नाही. हे फळ्यावर चित्र काढून कुणाला कळत नाही, मी करून पाहिलंय.

कळतं ते मातीवर. पाऊस उघडल्यावर आमचं तांबड्या मातीचं मैदान दोन-तीन दिवस ओलसर असतं. सहावीतली एक मुलगी मला ठामपणे सांगत होती, “सर, मी एकच पाऊल टाकलं.” आम्ही दोघं तिच्या ठशांजवळ उकिडवे बसलो. पहिला ठसा टाचेकडं खोल, मग दुसरा, आणि तिसऱ्याच्या चवड्यापुढं मातीत ओढलेली चांगली बोटभर लांब रेघ. तिनं त्या रेघेवरून बोट फिरवलं, काही न बोलता उठली, मागं जाऊन पुन्हा पळत आली. चौथ्या वेळेला दोनच ठसे होते, शेजारी शेजारी. त्यानंतर आठवडाभर ती बाकीच्यांचे ठसे तपासत हिंडत होती. आता कोरड्या दिवसांत मी मैदानाचा एक पट्टा पाणी मारून ओला करून घेतो.

सुरुवातीला दोन्ही पायांवर एकदम उतरायला लावा, गुडघे वाकवून. असं उतरलं की कुठला पाय रोवलेला धरायचा ते मूल स्वतः ठरवू शकतं. बरोबर उतरलं की एकच ‘धप्प’ ऐकू येतं, चुकलं की दोन. निम्म्या पोरांना डोळे मिटून नुसतं ऐकायला बसवा, निम्म्यांना पळवा. पंचगिरी करायला पोरांना लई आवडतं.

मग बॉल. मोठ्यांचा ५ नंबरचा असतो, या वयाला ४ नंबरचा आणा. पहिल्या वर्षी मी शाळेत पडून असलेला मोठा बास्केटबॉल वापरला. एका मुलाचं बोट सुजलं. सूज चार दिवसांत उतरली, पण बॉल आला की तोंड फिरवायची त्याची सवय दिवाळीपर्यंत गेली नाही. ती चूक माझी होती. पोरांना तीन मीटरवर समोरासमोर उभं करा. बोटं पसरलेली, दोन्ही अंगठे बॉलच्या मागं, बॉल छातीपासून सरळ ढकलायचा. घेणाऱ्यानं आधी हात दाखवायचा, देणाऱ्यानं त्या हाताकडं द्यायचा. हे जमलं की घेणाऱ्याला पळवा आणि त्याच्या पुढच्या जागेत पास द्यायला लावा. इथं घाई करू नका, माझे दोन-तीन आठवडे यातच जातात.

तुमची खो-खोची पोरं मोकळं होण्यात पुढं असतील. पाठलाग करणाऱ्याला देतो तीच झुकांडी इथं चालते. एकीकडं खांदा टाकायचा आणि दुसरीकडं सुटायचं. कबड्डीवाल्यांना मात्र सांभाळावं लागतं. त्यांचा सगळा खेळ अंगाला हात लावण्याचा, इथं धक्का म्हणजे फाऊल. बॉल ज्याच्या हातात आहे त्याच्यापासून ०.९ मीटर, म्हणजे साधारण तीन फूट, लांब राहून अडवायचं. मी तीन फुटांची काठी मधे धरून दाखवतो.

रिंग ३.०५ मीटर उंच असते आणि मागं फळी नसते, त्यामुळं बॉल आपटून आत जात नाही, वरूनच पडावा लागतो. लहानांसाठी २.४ मीटरवर बसवा. लोहाराकडून १५ इंच आतल्या मापाची कडी करून घ्या, भक्कम वाशाला ठोका, झालं. कोपर बॉलच्या खाली, गुडघे थोडे वाकलेले, शेवटी मनगट. गोल करायचा हक्क प्रत्यक्ष सामन्यात दोघांनाच, तोही ४.९ मीटर त्रिज्येच्या अर्धवर्तुळातून. पण सरावात प्रत्येक पोराला रिंगवर बॉल टाकू द्या.

सात जणांच्या सात जागा आणि कोण कुठल्या जागी खेळतो ते सांगणारी छातीवरची अक्षरं पहिला महिना बाजूला ठेवा. निम्म्या मैदानात चार-चार खेळवा. पूर्ण मैदान ३०.५ बाय १५.२५ मीटरचं, आडव्या रेघांनी तीन भागांत वाटलेलं. फक्की मारून ते आखलं की मी प्रत्येकाला त्याची शीव दाखवतो. शीव ओलांडली की बॉल दुसऱ्यांचा, हे गावच्या पोराला लगेच समजतं. आणि जागा दर आठवड्याला बदला. उंच मुलीला कायम रिंगखाली उभी केली तर तिला पळणं येत नाही आणि बुटक्याला गोल करणं.

माझ्याकडं घरी कन्नड बोलणारीही पोरं आहेत, म्हणून मैदानावर माझ्या तोंडात ‘थांब’ आणि ‘निल्लु’ दोन्ही असतात.

शेवटी तुम्ही विचारलंय की हा मुलींचा खेळ, मुलगे येतील का. राष्ट्रकुल स्पर्धेत १९९८ पासून महिलांचाच नेटबॉल आहे, २०१० ला दिल्लीत आपल्या मुलीही खेळल्या. पण पाचवी-सातवीच्या वयात अंगापिंडानं फारसा फरक नसतो. मुलांची आणि मुलींची वेगळी रांग करूच नका, पहिल्याच दिवशी पासच्या जोड्या मिसळून लावा.