घरात कोणी आहे का रे?

वाचकांचे प्रश्न, पास्टरांची उत्तरे

प्रश्न : पास्टर साहेब, सलाम. आम्ही दारव्हा तालुक्यातले. सासऱ्यांच्या वेळेपासून आमच्या घरी रोज संध्याकाळी उपासना होते. एक गीत, शास्त्रवाचन आणि प्रार्थना. आता माझे यजमान शास्त्र मोबाइलवरच वाचतात. मधेच कापसाच्या भावाचा मेसेज आला की बोट तिकडे जातं आणि वचन अर्ध्यावर राहतं. काही बोललं की म्हणतात, "देवाचंच वचन वाचून राहिलो ना मी?" मुलगी कॉलेजात आहे, तिच्या कानात इअरफोन. मोठा मुलगा पुण्याला नोकरीला आहे, तो व्हिडिओ कॉलवर येतो. मीही रात्री रील पाहत बसते, खोटं कशाला सांगू? सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, दिसणं जवळपास बंद झालं. परवा आम्ही तिघंही त्यांच्या बाजेजवळच होतो, आपापल्या मोबाइलमध्ये. त्या म्हणाल्या, "घरात कोणी आहे का रे?" तेव्हापासून मन लागत नाही. मोबाइलवर शास्त्र वाचणं चूक आहे का?
— एक भगिनी

उत्तर : ताई, सलाम. तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा सासूबाईंच्या त्या प्रश्नापाशी अडलो. तुम्ही मला मोबाइलचं विचारलं आहे, पण खरा प्रश्न त्यांनीच विचारला.

आधी तुमच्या प्रश्नाचं सांगतो. मोबाइलवर शास्त्र वाचणं चूक नाही. मिशनरी विल्यम केरींच्या बंगालातल्या सेरामपूरच्या छापखान्यात १८११ साली मराठी नवा करार छापला, तो मोडी लिपीत होता. आज आमच्या मंडळीत मोडी वाचणारं कोणी नाही, म्हणून वचन हरवलं का? ते बाळबोधीत, म्हणजे आजच्या देवनागरीत आलं, आता काचेवर आलं. आमच्या एका वडीलधाऱ्यांना छापील अक्षर दिसत नाही. ते मोबाइलवर अक्षर बोराएवढं करून स्तोत्रं वाचतात, आणि मला ते पाहून आनंदच होतो. २०२० च्या मार्चमध्ये देवळं बंद झाली तेव्हा मी घरामागच्या निंबाखाली उभा राहून उपासना घेत असे, कारण टॉवर फक्त तिथंच मिळायचा. त्या दिवसांत या यंत्रानं आमची मंडळी धरून ठेवली. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

पण योहानाचं दुसरं पत्र काढून बाराव्या वचनापाशी थांबा. तो म्हणतो, लिहायचं पुष्कळ आहे, पण कागद आणि शाईनं नको; तुमच्याकडे येऊन समोरासमोर बोलेन अशी आशा आहे, म्हणजे आपला आनंद पुरा होईल. कागद आणि शाई हेच त्याच्या काळातलं साधन. पत्र तो लिहितोच, पत्राला वाईट म्हणत नाही. पण आनंद पुरा होण्यासाठी त्याला जाऊन भेटायचं आहे. तुमचा पुण्याचा मुलगा पत्रासारखा आहे, त्याच्यासाठी मोबाइल हवाच. यजमान मात्र बाजेपासून हातभर अंतरावर आहेत.

मी कास्तकाराचा मुलगा. अचलपूर तालुक्यात आमचं वावर डोंगराच्या पायथ्याशी होतं. तूर शेंगांवर आली की रोही, म्हणजे नीलगाई, आणि रानडुकरं उतरायची, मग रात्री राखणीची जागल. मी दहा-अकरा वर्षांचा असेन, बाबा मला वावरातल्या माळ्यावर, म्हणजे मचाणावर, घेऊन जायचे. खाली शेकोटी, हाताशी रिकामा डबा आणि काठी. एकदा मी लपवून ट्रान्झिस्टर नेला. बाबांनी तो काढून घोंगडीखाली दाबला आणि म्हणाले, "डुक्कर दिसत नसते रे, तूर वाजते." मग आम्ही दोघं गप्प बसलो. वाऱ्यानं तूर सगळ्या वावरात एकसारखी सळसळते. डुक्कर शिरलं की एकाच जागी वाजते, थांबते, पुन्हा वाजते. हा फरक कळायला मला चार रात्री लागल्या. माळ्यावर असूनही आधीच्या रात्री मी जागलीवर नव्हतोच, ताई.

गेथशेमाने बागेत प्रभूनं पेत्र, याकोब आणि योहानाला दुसरं काय सांगितलं होतं? माझ्याबरोबर जागे राहा, एवढंच. कुठलं काम दिलं नाही. परत आला तर ते झोपलेले. एक तासही जागवलं नाही का, असं त्यानं विचारलं. ती माणसं दूर गेली नव्हती, त्याच बागेत, दगड फेकला तर पोचेल एवढ्या अंतरावर होती. मरणाच्या आदल्या रात्री त्याला त्यांच्याकडून फक्त जागल हवी होती.

हे मी मोठ्या तोंडानं सांगत नाही. तीन वर्षांपूर्वी घाटाखालच्या एका गावी आजारी आजीला भेटायला गेलो होतो. तिनं माझं डावं मनगट धरलं होतं. आमच्या देवळाच्या पत्र्यांचं काम चाललेलं, ग्रुपवर भावाची चर्चा सुरू होती. मी उजव्या अंगठ्यानं उत्तर टाइप करत होतो. आजी काहीतरी बोलली. मी "हो हो" म्हणालो. मान वर केली तेव्हा तिनं मनगट सोडलं होतं आणि तोंड भिंतीकडे केलं होतं. "आजी, काय म्हणाल्या?" मी दोनदा विचारलं. ती म्हणाली, "काही नाही बाबा, तुम्ही तुमचं पाहा." पाचव्या दिवशी मी तिच्या दफनाची उपासना घेतली. ती काय म्हणाली हे आजही मला माहीत नाही. आता भेटीला जाताना मोबाइल गाडीच्या डिकीत ठेवतो.

म्हणून यजमानांशी मोबाइलवरून भांडू नका, हिसकावून तर घेऊच नका. त्यांच्या हातात कापसाचा भाव आहे, पावसाचा अंदाज आहे, ती घराचीच काळजी आहे. फक्त एक विनंती करा : शास्त्र मनात न वाचता मोठ्यानं वाचा, आणि आईच्या बाजेवर बसून वाचा. ज्या माणसाला दिसत नाही, त्याच्यासाठी गप्प बसलेला मुलगा घरात नसतोच. आईच्या हाताखाली जुनं छापील शास्त्र असू द्या, सासऱ्यांच्या वेळचं असेल तर तेच. मोबाइलवरून वाचायचंच असेल तर तेवढी वीस मिनिटं फ्लाइट मोडवर. पुण्याच्या मुलाचा फोन उपासनेच्या आधी लावा, स्पीकर आजीच्या कानाशी धरा, पोट भरून बोलू द्या, मग फोन कोनाड्यात. गीत सासूबाईंना निवडू द्या. त्यांना पुस्तक लागत नसेल, मला खात्री आहे.

मुलीला उपदेश करू नका, एक गोष्ट सांगा. नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीनं जात होते. डब्यात एका अनोळखी गोऱ्या प्रवाशानं त्यांच्याशी काव्याच्या, धर्माच्या गप्पा मांडल्या आणि नवा करार हातात दिला. १८९५ मध्ये टिळकांचा बाप्तिस्मा झाला. ज्यांची गीतं ती लहानपणापासून गाते, त्यांची वाट शेजारच्या माणसाशी झालेल्या बोलण्यातून निघाली. एसटीत बसल्यावर एक कान तरी मोकळा ठेव, एवढंच म्हणा.

आणि तुमची रात्रीची रील? सुरुवात तुमच्यापासून करा. सासूबाईंचे पाय चेपताना मोबाइल चुलीपाशी राहू द्या. काही बोलायचं नसलं तरी दिवसभर वावरात काय झालं ते सांगा.

शेवटचं, आणि याला उशीर करू नका. मोतीबिंदूचं ऑपरेशन सरकारी जिल्हा रुग्णालयात मोफत होतं. यवतमाळला एकदा सासूबाईंना दाखवून आणा, वय झालं म्हणून सोडून देऊ नका. यजमानांना सोबत न्या. ऑपरेशननंतर डोळ्याला पट्टी असते, तेवढा वेळ कोणीतरी उशाशी बसून बोलत राहावं लागतं.