नवी बॅटरी टाकूनही दोन-तीन दिवस उभी राहिली की कार स्टार्ट होत नाही. दोष बॅटरीचा की अल्टरनेटरचा? घरच्या घरी कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की रोज चालवली तर गाडी व्यवस्थित सुरू होते, फक्त उभी राहिली की मरते. या एका वाक्यात अर्धं निदान आहे. अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग, बरेच लोक अजून डायनामोच म्हणतात) चार्जच करत नसता, तर रोजच्या वापरातही बॅटरी एक-दोन दिवसांत बसली असती. तेव्हा माझा पहिला संशय असा, की गाडी बंद असताना कोणीतरी गुपचूप करंट पितंय. तरी क्रमाने जाऊ, कारण अंदाजावर सुटे भाग बदलण्याची चूक मी स्वतः केली आहे.

एक साधा डिजिटल मल्टीमीटर घ्या. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर सकाळी डीसी व्होल्ट मोजा. नुकत्याच चालवलेल्या गाडीवर मोजू नका, आकडा फुगलेला दिसतो. 12.6 च्या आसपास म्हणजे बॅटरी भरलेली, 12.2 म्हणजे साधारण अर्धी, 12 च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. आता कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि आकड्यावर नजर ठेवा. भरलेली बॅटरी सेल्फ मारताना 9.5 च्याही खाली कोसळत असेल तर बॅटरीच कमजोर झाली आहे. पण रिकाम्या बॅटरीवर ही परीक्षा घेऊन तिला दोषी ठरवू नका, आधी चार्ज करा.

इंजिन चालू झाल्यावर 13.8 ते 14.5 दिसायला हवेत. हेडलाइट, पंखा, मागच्या काचेचा हीटर सगळं लावा. आकडा थोडा उतरेल, पण 13 च्या वर टिकला पाहिजे. (अलीकडच्या काही गाड्यांत कॉम्प्युटरच चार्जिंग कमी-जास्त करतो, तिथे मधूनच कमी आकडा दिसला म्हणून घाबरू नका.) आकडा 12.4 वरच बसून राहिला तर अल्टरनेटरवर घसरण्याआधी त्याला फिरवणारा पट्टा सैल आहे का आणि टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर साचली आहे का ते बघा. इंजिन आणि हे सगळे दिवे-पंखे चालू ठेवून मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला लावा. 0.2 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगची वायर नीट पकडत नाही. ती साफ करून घट्ट केली की कित्येकदा प्रश्न तिथेच सुटतो.

इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून 'बंद पडली तर डायनामो गेला' ही जुनी परीक्षा मात्र कधीच करू नका. व्होल्टेज एकदम उसळतं आणि गाडीतले इलेक्ट्रॉनिक्स जळू शकतात.

आता तुमच्या मुख्य दुखण्याकडे. मीटर 10 अँपिअरच्या भोकात लावा, सगळं बंद करा, किल्ली गाडीपासून लांब ठेवा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून, ती वायर आणि खांब यांच्यामध्ये मीटर जोडा. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडेल. सुरुवातीला आकडा मोठा दिसेल, कारण गाडी अजून जागी असते. अर्धा-पाऊण तास थांबा. बहुतेकांचा घोळ इथेच होतो: दोन मिनिटांत मोजतात आणि भलत्याच गोष्टीवर आळ घेतात. झोपलेल्या गाडीचा करंट साधारण 50 मिलिअँपिअरच्या आत हवा. 500 मिलिअँपिअर असेल तर दिवसाला 12 अँपिअर-तास जातात, म्हणजे 45 अँपिअर-तासांची बॅटरी चार दिवसांच्या आत सपाट.

करंट जास्त असेल तर फ्यूज एकेक काढत जा; ज्याने आकडा धाडकन खाली येईल, ती चोरवाट. दार उघडलं की गाडी पुन्हा जागी होते, म्हणून फ्यूजबॉक्स आत असेल तर दार आधीच उघडं ठेवून त्याचं लॉक स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत ढकलून ठेवा. संशयितांत डिकीतला दिवा, नंतर बसवलेला स्टिरिओ, डॅशकॅम, ट्रॅकर हे आधी. डिकीत मोबाईलचा व्हिडिओ चालू ठेवून झाकण लावा, दिवा विझतो की नाही ते कळेल.

माझ्या गाडीत मात्र सगळे फ्यूज काढूनही 400 मिलिअँपिअर जागचे हलेनात. तोवर गॅरेजवाल्याच्या सांगण्यावरून मी दोन बॅटऱ्या बदलल्या होत्या. शेवटी बॅटरीची वायर सोडवली, अल्टरनेटरच्या मागची जाड वायर काढली, तिचं टोक टेपने गुंडाळलं आणि पुन्हा मोजलं. आकडा 30 वर आला. अल्टरनेटरमधला एक डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गळत होता. दिवसा तोच अल्टरनेटर 14 व्होल्ट देऊन बॅटरी भरायचा आणि रात्री तोच ती प्यायचा! चार्जिंग ठीक दिसतंय म्हणून कुणी त्याच्याकडे बोटच दाखवत नव्हतं. तुमच्याकडेही फ्यूजांनी दाद दिली नाही तर हे करून बघा.

आणि चोर सापडला तरी बॅटरी चार्जरवर लावून पूर्ण भरा. अगदी बसलेली बॅटरी थोड्याशा ड्रायव्हिंगने भरत नाही. वारंवार तळ गाठलेली असेल तर नवी असूनही तिची ताकद कमी झालेली असू शकते, म्हणून चार्ज झाल्यावर रात्रभर गाडीपासून सोडवून ठेवा आणि सकाळी पुन्हा 12.6 दिसतात का बघा.