नाणं बायझंटाईन असलं तरी कलम ३ लागू होतंच

सोलापूरच्या एका वाचकांनी २०१८ मध्ये म्युनिकच्या लिलावातून नऊ बायझंटाईन फॉलिस, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याची (राजधानी आजच्या तुर्कस्तानातली) ब्राँझची नाणी, घेतली. 'धातूची बटणं, भेट' अशी चिठ्ठी लागून ती टपालाने आली. आता ती विकण्यासाठी लंडनच्या भाच्याकडे पाठवायची आहेत. नुकतीच घेतलेली आणखी चार म्युनिकलाच पडून आहेत. "नाणी भारतीय नाहीतच, मग पाठवायला हरकत काय?" हा प्रश्न मला वरचेवर येतो, ग्रेडिंगसाठी, म्हणजे दर्जा ठरवून घ्यायला, अमेरिकेला नाणी पाठवू पाहणारेही हेच विचारतात.

हरकत पुराणवस्तू व कलानिधी कायदा, १९७२ च्या कलम ३ ची आहे. केंद्र सरकार किंवा त्याने नेमलेली यंत्रणा सोडून कोणालाही पुराणवस्तू देशाबाहेर नेता येत नाही. व्याख्येत 'कोणतेही नाणे' आहे, अट फक्त शंभर वर्षांची. ते कुठल्या टांकसाळीत पडलं, याला तिथे काडीची किंमत नाही. भाच्याने खिशातून नेलं तरी ती निर्यातच, आणि परत आणायच्या बोलीवर पाठवलं तरीही. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षे कैद, शिवाय दंड. एरवी कस्टम्समध्ये दंड भरून माल सोडवता येतो. या कायद्याने तीही वाट बंद केली आहे, केंद्र सरकारने अर्जावर वेगळा आदेश दिला तरच गोष्ट वेगळी.

नाण्यावर साल नाही, हा बचाव करू नका. जस्टिनियन सम्राटाच्या नंतरच्या फॉलिसवर राज्यवर्ष, म्हणजे त्याच्या कारकिर्दीचं कितवं वर्ष, असायचं. तुमची नाणी सम्राटाचं नावही नसलेली, निनावी. एका बाजूला ग्रंथ धरलेला ख्रिस्त, दुसरीकडे 'येशू ख्रिस्त, राजांचा राजा' या अर्थाच्या ओळी. ही साधारण ९७० पासून सम्राट अलेक्सिओस कोम्नेनोसच्या १०९२ च्या नाणेसुधारणेपर्यंत पाडली गेली. डोक्यामागच्या क्रुसाच्या बाह्यांतली आणि ग्रंथाच्या वेष्टनावरची ठिपक्यांची नक्षी पाहून जाणकार त्यांचा उपप्रकार सांगतो. पुराणवस्तू आहे की नाही, यावर कलम २४ खाली पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या महासंचालकांचा शब्द अंतिम असतो. गंमत अशी की नाणं अलीकडचं नकली ठरलं, तर 'पुराणवस्तू नाही' असा दाखला मिळून ते बाहेर नेता येईल!

देशात विकायला मात्र मज्जाव नाही. नाणी सक्तीच्या नोंदणीच्या वर्गांत येत नाहीत. पण विक्रीचा धंदा करायला कलम ५ चा परवाना लागतो, म्हणून परवानाधारक व्यापाऱ्यामार्फत विका. एकदाच विकणं म्हणजे धंदा का, हे परिस्थितीवर ठरेल. उगाच परीक्षा कशाला?

'बटणं' लिहिलेली चिठ्ठी पाहून तेव्हाच तक्रार करायला हवी होती. खोट्या घोषणेवर बुडालेलं शुल्क मागण्याची मुदत पाच वर्षे, ती उलटली. जप्तीचीही मुदत उलटली, असं मात्र म्हणता येत नाही. लिलावाचं बिल, लॉट क्रमांक, बँकेची नोंद आणि ते पाकीटसुद्धा जपा. प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंचे पट्टीसह फोटो काढा, वजन ग्रॅमच्या दोन दशांशांपर्यंत लिहा.

खरी घाई त्या चार नाण्यांची आहे. ती भारतात उतरली की कलम ३ मध्ये अडकली. लिलावगृहाला आजच लेखी कळवा: माल रोखा, पत्ता लंडनचा घ्या, जर्मनीबाहेर पाठवायला परवाना लागतो का ते लेखी द्या, आणि आधीच्या मालकीचे कागदही द्या. तुर्कस्तानातून अशी नाणी बाहेर काढणं हा तिथे गुन्हा आहे, तेव्हा कागद नसतील तर व्यवहारच रद्द करा.