‘मी खरं तेच बोलले ना?’

“ताई, मी खरं तेच बोलले ना? मग चूक माझी कशी?” खुर्चीत नीट टेकायच्या आधीच तिने विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

ती पस्तिशीची, हॉस्पिटलात नर्स. आजोळच्या माणसांचा व्हॉट्सॲप ग्रुप, ४१ जणांचा. एका पहाटे मामांनी सुप्रभातच्या गुलाबापाठोपाठ तो प्रसिद्ध फॉरवर्ड टाकला: एकटे असताना हार्ट अटॅक आला तर जोरजोरात खोका, जीव वाचतो. हिची नाइट ड्यूटी नुकतीच संपलेली. त्याच मेसेजला धरून तिने लिहिलं, “मामा, साफ खोटं आहे हे. पाठवायच्या आधी जरा डोकं वापरत जा.” पुढे हात जोडलेला इमोजी. त्याखाली सात जण हसले. संध्याकाळी मामा ग्रुपमधून बाहेर. दोन महिने झाले, मामा हिचा फोन घेत नव्हते आणि दिवाळी तोंडावर आली होती.

मजकुराबाबत ती शंभर टक्के बरोबर होती. खोकत बसण्यात १०८ ला फोन करायची मोलाची मिनिटं जातात. असल्या मेसेजवर ‘जाऊ दे, मोठी माणसं आहेत’ म्हणून गप्प बसावं, असं मी कुणालाच सांगत नाही. तब्येत आणि पैसा या दोन बाबतींत तर नाहीच.

मी तिला तेच वाक्य मोठ्याने वाचायला सांगितलं. तिने वाचलं. मग म्हटलं, “आता समोर मामा बसलेत असं समज.” ‘साफ खोटं आहे’पर्यंत ती आली आणि थांबली. ‘डोकं वापरत जा’ काही तोंडातून निघेना.

“असं कसं म्हणेन मी त्यांना? त्यांची बायपास झालीय,” ती म्हणाली. आणि मग स्वतःच गप्प झाली. बायपास झालेला माणूस पहाटे उठून असा मेसेज का पाठवतो, हे तिला तेव्हा उमगलं असावं. मी काही बोलले नाही.

“तो मेसेज पुसून टाकू का?” तिने विचारलं. व्हॉट्सॲपवर सगळ्यांसाठी पुसायची मुदत साधारण अडीच दिवसांची, ती केव्हाच उलटली होती. आणि पुसून तरी काय! सोसायटीच्या ग्रुपवर टँकरच्या पैशांवरून रात्री साडेअकराला लिहिलेलं माझं एक उत्तर मी सकाळी पुसलं, तर उरलेल्या ‘मेसेज डिलीट केला’च्या पाटीवरच तिघांनी प्रश्नचिन्हं टाकली होती.

अशा वेळी मी एक क्रम सांगते. आधी पाठवणाऱ्याला फोन, निदान ‘खासगीत उत्तर द्या’ हा पर्याय. त्यात मूळ मेसेज सोबत जातो, वेगळं समजवावं लागत नाही. सांगायचं असं की त्यांनाच ग्रुपवर लिहिता यावं, ‘अरे, मघाचं चुकीचं होतं.’ त्यांनी तासाभरात नाही लिहिलं तर आपण लिहायचं, पण मेसेजबद्दल, माणसाबद्दल नाही. ‘हे खोकण्याचं खरं नाही, छातीत दुखलं तर आधी १०८’ एवढं पुरतं. हात जोडलेला इमोजी तर नकोच. टोमण्याखाली तो आला की टोमणा दुप्पट बोचतो.

आणि माफी मागायची तर ग्रुपवर नाही. ४१ जणांसमोर पुन्हा तेच उगाळायचं कशाला?

ती लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी मामांकडे जाऊन आली. मामी रडल्या, मामांनी चकल्या तेवढ्या दिल्या, विषय काढू दिला नाही. आठवड्याने ते ग्रुपवर परतले. आता फॉरवर्ड आधी हिला येतो, पहाटे साडेपाचला: “हे खरं का गं?” दिवसाला चार-चार. त्याला कंटाळल्याची तक्रार घेऊन ती परवा आली होती.

हसलेल्या सातांपैकी सहाजण मामांनी कधीच माफ केले. सातव्याशी अजून अबोला आहे. तो त्यांचा सख्खा मुलगा.