खजिनदार होऊ दे तिला

प्रश्न : माझी मुलगी चर्चगेटच्या एका महिला महाविद्यालयात एस.वाय.बी.कॉम.ला आहे. एफ.वाय.ला ७४ टक्के मिळाले. यंदा तिला विद्यार्थिनी परिषदेत जायचंय. सांस्कृतिक सचिव किंवा खजिनदार, दोन्हींपैकी कुठल्याही पदासाठी अर्ज कर, असं मॅडमनी सांगितलंय. अर्ज शनिवारपर्यंत द्यायचा आहे. शिवाय ती मराठी वाङ्मय मंडळात आहे आणि एन.एस.एस.मध्येही. आम्ही दहिसरला राहतो. गेल्या डिसेंबरात फेस्टिव्हलच्या दिवसांत ती रोज रात्री साडेनऊला घरी यायची. तिचे बाबा म्हणतात, ही नुसती हौस आहे, त्यापेक्षा बँकेच्या परीक्षेचा क्लास लाव. त्यांच्या कॉलेजात जी.एस.च्या (जनरल सेक्रेटरीच्या) निवडणुकीवरून झालेली मारामारी त्यांनी डोळ्यांनी पाहिली आहे. मला तिला अडवायचं नाही. पण वर्ष वाया गेलं तर?
– एक आई, दहिसर

ताई, नमस्कार.

तिला अर्ज भरू द्या, आणि तो खजिनदारपदाचा भरू द्या. सांस्कृतिक सचिवपदाचा नको. कारण पुढे सांगते. आधी तिच्या बाबांचं बोलणं घेते, कारण ते हवेतलं नाही.

मारामारीची भीती खरी आहे. मुंबईतल्या कॉलेज निवडणुकांनी ऐंशीच्या दशकात फार वाईट दिवस पाहिले. त्यामुळेच १९९४च्या विद्यापीठ कायद्यानं थेट निवडणुका बंद झाल्या आणि वर्गप्रतिनिधी गुणांवरून नेमले जाऊ लागले. २०१६च्या कायद्यात निवडणुकांची तरतूद परत आली. २०१९ मध्ये त्या होणार असं जाहीरही झालं, पण पुढे ढकलल्या गेल्या. त्यामुळे तुमच्या मुलीला फक्त अर्ज द्यायचा आहे, मॅडमपुढे बोलायचं आहे. बाबांनी पाहिलेली ती पोस्टरं, त्या गाड्या, बाहेरून येणारी पोरं यातलं काही तिच्या वाट्याला येत नाही. निवडणूक झाली असती तरी विद्यार्थी निवडणुकांचे नियम सुचवणाऱ्या लिंगडोह समितीच्या शिफारशींनुसार उमेदवाराची हजेरी ७५ टक्के लागते, विषय राहिलेला चालत नाही आणि खर्च ५,००० रुपयांच्या वर जाता येत नाही. यातल्या पहिल्या दोन अटी तुम्ही घरात लावा. कमी हजेरीच्या डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव आलं किंवा एटीकेटी लागली, म्हणजे विषय राहिला, तर पद सोडायचं. हे तिच्याशी आत्ताच बोलून ठेवा, जानेवारीत नको.

आता बँकेचं. बँकेत क्लार्क व्हायचं असेल, तर आयबीपीएस ही संस्था बँकभरतीसाठी घेते त्या परीक्षेत मुलाखतच नसते. तिथे परिषदेतल्या कामाचा काडीचा उपयोग नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते. पीओ, म्हणजे प्रोबेशनरी ऑफिसर, व्हायचं असेल, तर मुख्य परीक्षा आणि मुलाखत यांचं वजन ८०-२० असतं, आणि त्या वीसमध्ये अनेक हुशार मुली मागे पडतात. शिवाय पीओसाठी पदवी हातात लागते आणि वय २० पूर्ण लागतं. म्हणजे यंदा तिला परीक्षाच देता येणार नाही. क्लास टी.वाय.च्या दिवाळीनंतर लावला तरी चालेल. गणिताचा हात मात्र रोज अर्धा तास चालू राहू दे, लोकलमध्येसुद्धा होतं ते. उद्या तिचं मन यूपीएससीकडे वळलं, तर तिथेही २,०२५ गुणांपैकी २७५ मुलाखतीचे असतात, आणि कॉलेजात काय केलं हे अर्जातच लिहून द्यावं लागतं.

आता मला ज्याबद्दल मनापासून बोलायचंय ते. मुलंमुली एकत्र शिकतात त्या कॉलेजांचे महोत्सव मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे. रांगोळी, स्वागत, सूत्रसंचालन मुलींकडे. साउंड, मंडप आणि पैसे मुलांकडे. कुणी ठरवून करत नाही, होऊन जातं. २०१६च्या कायद्यातही परिषदेत महिला प्रतिनिधीचं पद वेगळं ठेवावं लागलं, ते उगाच नाही. महिला महाविद्यालयात अध्यक्ष मुलगी, सचिव मुलगी आणि रात्री जनरेटरवाल्याशी भांडणारीही मुलगीच असते.

माझ्याकडे मागे एक विद्यार्थिनी आली होती, अशाच एका कॉलेजातली. मंडपवाला आल्या आल्या म्हणाला, ‘सर कुठे आहेत?’ सर नव्हतेच. तिनं पिशवीतून मोजपट्टी काढली, त्याच्या माणसाला दुसरं टोक धरायला लावलं आणि अंगण मोजलं. त्यानं सांगितलेल्या मापापेक्षा सहा फूट कमी भरलं. तेवढ्या मापाचे पैसे कमी झाले. हे सांगताना तिनं टेबलावर वही ठेवली होती. प्रत्येक पानाला डावीकडे व्हाउचर पिनेनं लावलेलं, उजवीकडे रक्कम आणि खाली मॅडमची सही. एका चहाच्या बिलाला सही नव्हती, तर त्यावर पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘सोमवारी घेणे’. ती वही पाहून मला तिची मार्कशीट मागावीशीच वाटली नाही.

म्हणून खजिनदार. सांस्कृतिक सचिव स्टेजवर दिसते, तिचं नाव होतं, फोटो येतात. आणि डिसेंबरात रोज साडेनऊ वाजतात, तेही तिचेच. खजिनदाराचं काम आधी आणि नंतर असतं : अंदाजपत्रक मांडायचं, तीन कोटेशनं मागवायची, ऑफिसातून अ‍ॅडव्हान्स उचलायचा, बिलावर जीएसटी नंबर आहे का ते बघायचं, उरलेले पैसे पावती घेऊन परत करायचे. मुख्य पैसा कॉलेजच्या ऑफिसातच राहतो, त्यामुळे तिच्यावर न झेपणारं ओझं येत नाही. पण मैत्रिणीला ‘बिल आण, मग पैसे’ असं सांगायची हिंमत याच कामात येते, आणि बी.कॉम.च्या मुलीला याहून चांगली शाळा नाही. मुंबई महापालिकेच्या २२७ जागांपैकी निम्म्या महिलांसाठी राखीव आहेत. तिथे बसून बजेटचा कागद वाचणाऱ्या, त्यावर प्रश्न विचारणाऱ्या बायका आपल्याला हव्या असतील, तर मुलींच्या हातात हिशेबाची वही एकोणिसाव्या वर्षीच यायला हवी, असं मला फार वाटतं.

तीन कामं मात्र एकदम नकोत. एन.एस.एस. सोडू देऊ नका. ते दोन वर्षांचं, २४० तासांचं असतं, आणि सात दिवसांचं शिबिरही पूर्ण करावं लागतं. अर्ध्यात सोडलं तर गेल्या वर्षीचे तासही फुकट जातील. वाङ्मय मंडळात तिनं नुसतं सभासद राहावं, भित्तिपत्रकासाठी लिहावं, जबाबदारी घेऊ नये. हे लिहिताना मला वाईट वाटतंय, कारण अशा मंडळांना माणसं मिळत नाहीत. पण टी.वाय.ला ती परत जाऊ शकते.

उशिराचं तुम्ही प्राचार्यांनाच जाऊन विचारा, मुलीमार्फत नको. महोत्सवाच्या दिवसांत मुलींना किती वाजता सोडतात? सोबत कोण प्राध्यापक थांबतात? स्टेशनपर्यंत मुली एकत्र जातात का? पालक विचारायला आले की वेळा पाळल्या जातात, हा माझा अनुभव आहे. बोरिवली-दहिसरकडच्या आणखी दोघी-तिघी असतीलच. त्यांच्या आयांचे नंबर घ्या आणि एकाच डब्यातून या, असं सांगा.

आणखी एक. कामाचं प्रमाणपत्र मार्चमध्येच घ्यायचं, लेटरहेडवर, प्राचार्यांच्या सहीनं. पुढच्या वर्षी प्रभारी प्राध्यापक बदलतात आणि मग कुणालाच काही आठवत नाही. त्यात नुसतं ‘खजिनदार होती’ एवढंच नको. किती दिवसांचा कार्यक्रम, किती रकमेचा हिशेब, किती जणींकडून काम करून घेतलं, हे आकड्यांत यावं. मजकूर तिनंच लिहून न्यावा. मॅडम दुरुस्त करतील आणि खूशही होतील.

पत्रात तुम्ही लिहिलं नाही, पण मुलीच्या बाबांना हिशेबाची आवड असेल, तर पहिलं अंदाजपत्रक तिला त्यांच्यासमोर बसून करायला सांगा. अर्ज शनिवारी द्यायचा आहे. शुक्रवारी रात्री गेल्या वर्षीच्या महोत्सवाच्या खर्चाचा कागद तिनं घरी आणावा आणि दोघांनी मिळून बघावा. मॅडमकडे मागितला तर मिळेल.