आकडे खरे असूनही निष्कर्ष चुकीचा कसा निघतो?

आकडे कुठे एकत्र केले, यावर बरंच ठरतं. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचं १९७३ सालचं उदाहरण घ्या. पदव्युत्तर प्रवेशासाठी अर्ज केलेल्या पुरुषांपैकी सुमारे ४४ टक्के निवडले गेले, स्त्रियांपैकी ३५ टक्के. हजारो अर्जांमध्ये एवढा फरक योगायोगाने पडत नाही, म्हणजे भेदभाव उघडच, असं कुणालाही वाटेल. पण निवड प्रत्येक विभाग आपापली करत होता. विभागवार पाहिलं तर स्त्रियांविरुद्धचा कल बहुतेक ठिकाणी सापडतच नाही. एका मोठ्या विभागात तर स्त्रिया ८२ टक्के निवडल्या गेल्या आणि पुरुष ६२ टक्के! झालं असं, की स्त्रियांचे अर्ज जास्त करून जिथे प्रवेश मिळणं मुळातच अवघड, अशा विभागांत गेले होते. सगळ्यांची बेरीज केली की हे दिसेनासं होतं. संख्याशास्त्रात याला सिम्प्सनचा विरोधाभास म्हणतात.

आता यावरून ‘भेदभाव नव्हताच’ असं ठोकून देणारेही तितकीच घाई करतात. स्त्रिया त्याच विभागांकडे का वळल्या, गणिताची वाट त्यांच्यासाठी शाळेतच अरुंद झाली होती का, हे प्रवेशाचा तक्ता सांगत नाही. त्यासाठी वेगळी माहिती गोळा करावी लागेल.